टिटवीचं चाक

“उजवीकडे घ्या, तांडेल! उजवीकडे! अहो, तुमचा उजवा हात कुठला?”

पेठे साहेबांचा आवाज पाण्यावरून थेट धक्क्यापर्यंत आला आणि धक्क्यावरची पन्नास माणसं फिस्सकन हसली. ‘टिटवी’ उजवीकडे वळायची ती डावीकडे वळली, मग एकदम उजवीकडे, मग प्यायलेल्या माणसासारखी पुन्हा डावीकडे, आणि शेवटी बर्फ भरून उभ्या असलेल्या होडीवर धाडकन आदळली. बर्फाची अख्खी लादी पाण्यात गेली. त्या होडीवरच्या माणसाने जे काही तोंड सोडलं, ते मी इथे सांगत नाही.

टिटवीच्या चाकावर उभे होते माझे सासरे. धाकू चोगले, वय अडुसष्ट, आमच्या तुरवडे बंदरातले शिडाचे शेवटचे तांडेल. मी धक्क्यावर उभा होतो आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. हसणाऱ्यांतले निम्मे त्यांच्याच हाताखाली होडी शिकले होते. त्यांनाही दात काढायला लाज वाटली नाही.

ही एकोणनव्वद सालची गोष्ट. मी हरेश्वर पावसे. जातीचा कोळी, पण मला बोट लागते. हसा, सगळेच हसतात. धक्क्याला बांधलेल्या होडीत बसलो तरी माझ्या पोटात ढवळतं. म्हणून मी एसटीच्या आगारात मेकॅनिक झालो. लग्नात मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, माझ्या हातात नारळ देताना सगळ्यांदेखत सांगितलं होतं, “पोर दर्यात दिली असती तरी एवढं वाटलं नसतं. एसटीत दिली.” तेव्हापासून बारा वर्षं मी त्यांचा ‘जावयबापू’. नावाने हाक म्हणून मारली नाही कधी.

टिटवी पेठे साहेबांची. साहेब पुण्याचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. बंदराजवळ त्यांनी घर बांधलं आणि गोव्याच्या एका गोऱ्या माणसाकडून ही जुनी शिडाची बोट विकत घेतली. देखणी होती हो. पांढरीशुभ्र, दोन शिडं, आणि सुकाणू फिरवायला मोटारीसारखं चाक. शिडाची समज असलेला माणूस बंदरात एकच उरला होता, म्हणून साहेबांनी मामांना तांडेल नेमलं. मामांचे दोन्ही मुलगे इंजिनाच्या ट्रॉलरवर जायचे. त्या फटफटाटात मामांना कुणी विचारत नव्हतं. टिटवी आली आणि म्हातारा पुन्हा ताठ चालायला लागला. ती गेली असती तर मामांना उरलेलं आयुष्य धक्क्यावर जाळी सांधत बसावं लागलं असतं, आणि हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, गावाला माहीत होतं.

अडचण एकच, ते चाक. आमच्या होड्यांना सुकाणूवर लाकडी दांडा असतो. दांडा एका बाजूला ढकलला की होडी दुसऱ्या बाजूला वळते. पन्नास वर्षं मामांनी तो दांडा धरलेला. चाकाशी त्यांचं जमेना.

“चाकात खोट हाय,” मामा धक्क्यावर चढता चढता म्हणाले. मान खाली नव्हती, पण आवाज बसला होता. “मधीच अडतं, मग एकदम सुटतं.”

“खोट चाकात आहे की आणखी कशात, ते एकदा ठरवू या,” पेठे साहेब म्हणाले. साहेब माणूस वाईट नव्हता, पण लोकांसमोर आपटल्यावर कुणाचाही पारा चढतो. तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर पडली. “हे तुमचे जावई ना? स्टिअरिंगचा माणूस घरातच आहे की! पावसे, बघा जरा. शिमग्याला शर्यत आहे. चाक नीट निघालं, तर मला मुंबईहून दुसरा माणूस बोलवावा लागेल. तांडेल, रागावू नका. बोट माझी आहे.”

मामांनी माझ्याकडे बघितलं. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांना माझ्याकडून काहीतरी हवं होतं. मी म्हटलं, “बघतो साहेब. उद्याच बघतो.”

दुसऱ्या दिवशी ओहोटीला टिटवी चिखलात टेकवली, दोन्ही बाजूंना टेकू दिले, आणि मी मागच्या फळ्या उचलून आत शिरलो. बोट जमिनीवर उभी म्हणजे माझं पोट शांत. आत बघतो तर सगळं साधं. चाकाच्या खांबात सायकलसारखी चेन, चेनच्या दोन टोकांना दोन तारा, तारा कप्प्यांवरून मागे गेलेल्या आणि सुकाणूच्या माथ्यावर बसवलेल्या अर्धगोल चकतीला बांधलेल्या. एक कप्पी गंजून जाम झालेली. एका तारेचे धागे सुटून त्यांचा झुपका झालेला. तारा इतक्या सैल की चाक पाव फेरा फिरलं तरी सुकाणूला पत्ताच नाही.

मी आतूनच ओरडलो, “मामा! खोट आहे! चाक अडतं आणि सुटतं, अगदी तुम्ही म्हणता तसं!”

थोड्या वेळाने फळीच्या फटीतून एक हात आत आला आणि त्या हातात चहाचा ग्लास होता. मामांनी मला स्वतःच्या हाताने चहा दिला, हे मी घरी सांगितलं तेव्हा रंजनाने, माझ्या बायकोने, विश्वासच ठेवला नाही.

मी कप्पी बदलली, ट्रॉलरवाल्यांच्या दुकानातून चांगली तार आणली. जुनी तार काढताना एक गोष्ट दिसली. चाकाच्या खांबाखाली दोन्ही तारांना पीळ होता. उजवी तार डावीकडे गेलेली, डावी उजवीकडे. मला हसूच आलं. गोव्याच्या त्या गोऱ्याने आंधळेपणाने बसवलेलं दिसतंय! तारेवर तार घासणार, मग तुटणार नाही तर काय? मी पीळ काढला. उजवी उजवीला, डावी डावीला, कशी सुतासारखी सरळ. मनात म्हटलं, याला म्हणतात मेकॅनिक.

मग आगारात घेतो तशी चाचणी घेतली. मामांना चाकावर उभं केलं आणि मी मागे चिखलात, सुकाणूसमोर उभा राहिलो.

“मामा, नुसतं चाक उजवीकडे फिरवा!”

सुकाणूचं पान सरकन हललं. इतकं हलकं, की एका बोटाने फिरावं.

“बरोब्बर! आता चाक डावीकडे!”

पान सरकन परत आलं.

“पास!” मी ओरडलो. आगारात हजार वेळा ओरडलो होतो तसाच.

भरती आली, टिटवी तरंगली, आणि चार वाजता खाऱ्या वाऱ्यावर मामांनी ती बाहेर काढली. मी आल्याचा तुकडा दाढेखाली धरून धक्क्यावरच थांबलो. आणि काय सांगू तुम्हाला! टिटवी निघाली ती अशी, जणू मामांनीच तिला लहानाची मोठी केली होती. नांगरलेल्या होड्यांमधून ही अशी गेली, बर्फाच्या होडीला वळसा घालून तशी आली. पुढे शिडाच्या दोऱ्या ओढणारे पेठे साहेब मागे बघून ओरडत होते, “वा तांडेल! वा!” धक्क्यावर आता कुणी हसत नव्हतं. मी मात्र एकटाच वेड्यासारखा टाळ्या पिटत होतो.

धक्क्याला लागल्यावर मामा माझ्याजवळ आले. “चाक आता माणसात आलं,” म्हणाले. मग जरा थांबून, “हरेश्वर, हात चांगला हाय तुझा.”

हरेश्वर! मी काहीतरी बोलायला गेलो, पण मामा केव्हाच पुढे गेले होते.

शिमग्याच्या दिवशी सात होड्या शर्यतीला उभ्या राहिल्या. बंदरातून निघायचं, घोडीच्या खडकाला डावीकडे ठेवून वळसा घालायचा आणि परत यायचं. साहेबांनी मला हट्टाने बोटीवर घेतलं. “मेकॅनिक बरोबर हवा!” माझं तोंड आधीच आंबट झालं होतं, पण नाही म्हणवेना.

बार उडाला आणि आम्ही सुटलो. अहो, बोट लागते ते मी विसरलो! मामा चाकावर, टोपी मागे सरकवलेली, डोळे शिडावर. एक गेली, दोन गेल्या, खडक दिसायला लागला तेव्हा आमच्या पुढे फक्त एक होडी होती. ती होती मामांच्याच धाकट्या मेव्हण्याची. मामा त्याच्या नावाने शिव्या घालत होते आणि हसत होते. बाजूने एक मचवा चालला होता, त्यात साहेबांचे पुण्याचे मित्र फोटो काढत होते.

ते फोटो नडले.

“तांडेल, द्या इकडे चाक,” साहेब मागे येऊन म्हणाले. “खडकाचा वळसा मी घालतो.”

“वळसा झाल्यावर घ्या, साहेब. हितं लाट आपटते.”

“अहो, फोटो काढतायत ते! द्या, द्या.”

मालकापुढे काय बोलणार? मामांनी चाक सोडलं.

खडक समोर, जरासा डाव्या हाताला, पन्नास वाव, म्हणजे शंभरेक पावलं असेल. साहेबांनी मचव्याकडे बघून हात केला आणि खडकापासून जरा लांब जायला म्हणून चाक उजवीकडे फिरवलं. टिटवी डावीकडे वळली. सरळ खडकाकडे.

“अरे!” साहेबांनी चाक आणखी उजवीकडे फिरवलं. टिटवी आणखी डावीकडे. “तार तुटली! पावसे, तार तुटली!”

मी फळी उचलून डोकं आत घातलं. तारा ताठ. कप्प्या फिरतायत. चकती बसल्या जागी. “सगळं ठीक आहे, साहेब!”

“ठीक काय डोंबल! उजवीकडे फिरवतोय, ही डावीकडे चाललीय!”

मी डोकं वर काढलं तर खडकावरचे शिंपले दिसायला लागले होते. लाट खडकावर फुटली आणि तिचं पाणी माझ्या तोंडावर आलं. साहेब दात-ओठ खाऊन चाक उजवीकडे दाबत होते आणि ते पार शेवटापर्यंत गेलं होतं. मला रंजना आठवली, पोरं आठवली, कुलदेवता आठवली.

“सरा!” मामांनी साहेबांना खांद्याने ढकललं. मालक गेला कोपऱ्यात. मामांनी चाकाला असा हिसका दिला, की टिटवी कण्हली, तिरकी झाली, शीड एकदा फडफडलं, आणि तिचं नाक खडकापासून बाजूला झालं. हात लांब केला असता तर मी खडकाला शिवलो असतो. मग मामांनी शांतपणे वळसा घातला आणि बोट घराच्या दिशेला लावली.

मी कठड्यावरून ओकून घेतलं.

“काय झालं होतं?” साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता.

“कायच नाय,” मामा म्हणाले. “चाक बरोबर हाय. होडी माणूस ओळखते, साहेब.”

“माणूस ओळखते? मी इंजिनिअर आहे, तांडेल. पुन्हा द्या.”

आता मोकळं पाणी होतं. साहेबांनी चाक घेतलं. उजवीकडे फिरवलं, टिटवी डावीकडे गेली. मामांनी घेतलं, टिटवी शहाण्यासारखी उजवीकडे आली. पुन्हा साहेब, पुन्हा उलटी. पुन्हा मामा, पुन्हा सरळ. शर्यत कुणाच्या लक्षात राहिली नाही. मागच्या दोन होड्या आमच्या शेजारून गेल्या आणि त्यांच्यावरची माणसं तोंड वासून बघत राहिली.

गाडीत काही केल्या बिघाड सापडत नसेल, तर आमचे जुने हेडमेकॅनिक एकच सांगायचे: भागाकडे बघू नकोस, चालवणाऱ्याच्या हाताकडे बघ. मी खिशातलं लाल फडकं काढलं आणि चाकाच्या वरच्या टोकाला बांधलं.

“मामा, बोट जराशी उजवीकडे घ्या.”

मामांनी घेतली. बोट उजवीकडे गेली. फडकं गेलं डावीकडे.

साहेब फडक्याकडे बघत होते. एकदा फडक्याकडे, एकदा मामांच्या हाताकडे.

“तांडेल, तुम्ही चाक डावीकडे फिरवलंत.”

“मग? उजवीकडे जायचं तर डावीकडे नाय ढकलायचं?”

“पावसे!” साहेब माझ्याकडे वळले. “तुम्ही तारा उलट्या बसवल्यात.”

“साहेब, पीळ होता. घासून तुटत होत्या. मी पीळ काढला…”

“तो पीळ असायलाच हवा होता, महाराज! त्या पिळामुळेच चाक जिकडे जातं तिकडे बोट जाते!”

मी चूक केली होती, आणि माझ्या चुकीमुळे ते चाक मामांच्या जुन्या दांड्यासारखं झालं होतं. म्हणून ते मामांना जमलं होतं. आठ दिवस गाव ज्या तांडेलाला वा वा म्हणत होतं, तो माझ्या गाढवपणावर उभा होता. मला समुद्राने गिळलं असतं तर बरं झालं असतं.

मामा चाक धरून समोर बघत राहिले. आम्ही चौथे आलो.

धक्क्याला लागल्यावर साहेब हळू आवाजात म्हणाले, “तांडेल, तुम्ही मला वाचवलंत, ते मी विसरणार नाही. पण उलट्या चाकाची बोट मी ठेवू शकत नाही. उद्या कुणी पाहुणा धरेल आणि मरेल. पावसे, आजच तारा होत्या तशा करा. पंधरा दिवस थांबतो. तांडेलांना सरळ चाक जमलं, तर बोट त्यांच्याच हातात. नाहीतर मुंबईहून माणूस येईल.”

साहेबांचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही.

मी त्याच संध्याकाळी तारांना पुन्हा पीळ घातला. घरी जाताना बघतो तर रंजना पुरणपोळीचं ताट घेऊन बापाच्या दारात उभी होती आणि दार आतून बंद होतं. ती माझ्यावरच उखडली. “तुम्हाला कुणी सांगितलं होतं तो पीळ सोडायला? आणि सोडलात तर सोडलात, चिखलात उभं राहून पास कसं केलंत? डोळे कुठे होते?” खरं तर मलाही तेच कळत नव्हतं. चाक उजवीकडे म्हटल्यावर पान उजवीकडे जायला हवं, ते डावीकडे गेलं असणार. मी ते बघितलं असणार. तरी मी ‘बरोब्बर’ कसं म्हणालो?

मामांनी सरळ चाकावर दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा धक्का भरला होता. दोन्ही वेळा साहेबांना धावत येऊन चाक घ्यावं लागलं. मग मामा जायचेच बंद झाले. बारा दिवस गेले.

तेराव्या दिवशी रविवार होता. मी आगारात एकटाच होतो. दुपारची गाडी लागली आणि तिच्यातून मामा उतरले. लाल टोपी, धुतलेला सदरा, हातात तिकीट. ज्या माणसाने एसटीला आयुष्यभर नावं ठेवली, तो चाळीस मिनिटं एसटीत बसून माझ्याकडे आला होता.

“तुझ्या हितं चाक हाय ना?” त्यांनी विचारलं. “आणि बघणारं कोण नाय?”

“कोणी नाही, मामा.”

“मग मला शिकव.”

मागच्या बाजूला भंगारात काढलेली एक गाडी उभी होती, इंजिन उतरवलेली. मी तिचा पुढचा ॲक्सल जॅकवर घेतला, म्हणजे चाकं हलकी फिरतात. मामांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि मी गाडीसमोर उभा राहिलो.

“उजवीकडे!”

स्टिअरिंग डावीकडे फिरलं.

“नाही मामा, उजवीकडे म्हणजे उजवीकडेच.”

“कळतं रे मला! हात ऐकत नाय!”

तास गेला, दीड तास गेला. विचार करून फिरवलं की बरोबर, पटकन सांगितलं की उलटं. आणि दर्यात विचार करायला कोण वेळ देतो? मामांचा सदरा घामाने अंगाला चिकटला. त्यांचे खांदे दुखत असणार, पण ते थांबेनात. मला रडू येत होतं आणि मी ओरडत होतो.

“उजवीकडे!”

मामांनी दात आवळले आणि स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. टायर माझ्या डाव्या हाताला वळले.

“बरोब्बर!” मी म्हणालो, आणि माझं तोंड उघडंच राहिलं.

मी समोरासमोर उभा होतो. ड्रायव्हरची उजवी ती माझी डावी. वीस वर्षं मी गाडीच्या पुढे उभा राहून हेच बघत आलो: ‘उजवीकडे’ ओरडायचं आणि टायर आपल्या डावीकडे वळले की पास करायचं. त्या दिवशी चिखलात मी टिटवीच्या मागे उभा होतो, मामांचं तोंड होतं तिकडेच माझं तोंड होतं. पण पान डावीकडे गेलेलं दिसलं आणि वीस वर्षांची जीभ आपली म्हणाली, बरोब्बर!

मी मामांना हे सांगितलं. गाडीच्या पुढे एकदा, मग मागे जाऊन एकदा, हात करून करून दाखवलं. मामा आधी नुसते बघत राहिले. मग त्यांच्या पोटातून हसू यायला लागलं. शिमग्यापासून पहिल्यांदा.

“म्हणजे तू पण माझ्यासारखाच!” ते डोळे पुसत म्हणाले. “अंगवळणी पडलं ते पडलं. सासरा जावई एका माळेचे मणी!”

“मणी कसले मामा, गाढवं!”

आम्ही इतके हसलो की झाडावरचे कावळे उडाले. हसून मामा दमले. त्यांनी पाठ टेकली, दुखरे हात खाली मांडीवर सोडले, आणि पोटाजवळ आलेली स्टिअरिंगची कड नुसती धरून बसले. माझं हसू अजून संपलं नव्हतं. मी मस्करीत ओरडलो, “तांडेल, खडक आला! उजवीकडे!”

मामांच्या हातांनी ती खालची कड झटकन डावीकडे ढकलली. अंगवळणी पडलेलं. टायर मामांच्या उजवीकडे वळले.

मी म्हटलं, “डावीकडे!”

कड उजवीकडे, टायर डावीकडे.

“उजवी! उजवी! डावी! उजवी!” मी भराभर ओरडत सुटलो. एकदाही चूक नाही. दांडा ढकलावा तसे मामा ढकलत होते आणि टायर सांगेन तिकडे वळत होते. चाक वरून धरलं तर हात जातो तिकडे जातं. तेच खालून धरलं, तर हात डावीकडे आणि चाक उजवीकडे! वीस वर्षं स्टिअरिंग हाताळतोय, माझ्या डोक्यात हे कधी आलं नव्हतं.

मामांनी हात थांबवले. आपल्या बोटांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“हरेश्वर,” ते म्हणाले, “हा तर दांडाच हाय रे!”

पंधराव्या दिवशी टिटवी बाहेर काढली तेव्हा अख्खं बंदर धक्क्यावर होतं. पेठे साहेब पुढे दोऱ्यांजवळ उभे होते, पण त्यांचं लक्ष मागेच होतं, कधी धावायला लागेल सांगता येत नाही म्हणून. मामा चाकामागे उभे राहिलेच नाहीत. त्यांनी मागच्या फळीवर बैठक मारली, पाय पसरले, आणि चाकाची खालची कड एका हातात घेतली. दुसऱ्या हाताने टोपी सारखी केली.

वारा ताजा होता. टिटवी नांगरलेल्या होड्यांच्या रांगेत शिरली. डावीकडून एक, उजवीकडून एक, मध्ये वीतभर जागा. मामा चाकाकडे बघतसुद्धा नव्हते. त्यांचे डोळे शिडावर होते आणि हात आपला ढकलत होता, ओढत होता. रांग संपली, बंदराचं मुख आलं, पहिल्या लाटेवर टिटवीने नाक उचललं.

“उजवीकडे घ्या, तांडेल!” साहेब मुद्दाम ओरडले.

टिटवी उजवीकडे गेली.

“आता डावीकडे!”

डावीकडे गेली. साहेबांनी दोरी खुंटीला बांधली आणि मागे आले. वाकून बघितलं, मामांचा हात कुठे आहे ते. इंजिनिअर माणूस, बघताक्षणी कळलं त्यांना. पण बोलले काय, तर “तांडेल, चाकाला असं खालून कोण धरतं?”

“ज्याला होडी चालवायची तो,” मामा म्हणाले.

साहेब त्यांच्या शेजारी फळीवर बसले. म्हणाले, “मुंबईच्या माणसाला मी शब्द दिला होता. त्याला आता काय कळवू?”

मामांनी एक लाट येऊ दिली, टिटवी तिच्यावरून अलगद उतरवली, आणि मगच तोंड उघडलं.

“कळवा,” ते म्हणाले, “यायचं तर ये म्हणावं. मी शिकवीन.”